तिघींची चित्रं

काळेवाडीच्या ज्या गल्लीत अंजली राहते, तिथं ती रांगोळीमुळे माहीत होती. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी दुपारपासून ती विहारासमोर गुडघे टेकून बसायची, आणि दिवेलागणीपर्यंत फरशीवर बाबासाहेब असे उमटायचे की म्हातारी माणसं लांबच चपला काढून हात जोडायची. दुसऱ्या दिवशी मिरवणूक, गर्दी, वारा. पंधरा तारखेला झाडू फिरायचा. अंजलीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "पुढच्या वर्षी आहेच की," म्हणायची.

ती महापालिकेच्या शाळेत शिकली. तिथं चित्रकलेला शरच्चंद्र सर होते. इतर वर्गांत चित्रकलेच्या तासाला गणिताचे राहिलेले धडे उरकले जायचे, सर मात्र आपला तास कुणाला द्यायचे नाहीत. अंजलीचा हात त्यांनी आठवीतच हेरला. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली, तसे सर चिंचवडहून सायकल मारत तिच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "बारावी झाली की हिला चित्रकला शिक्षिकेच्या कोर्सला घाला. असा हात शंभरात एखादीला असतो." वडील भोसरीच्या एका कंपनीत लेथवर होते. ते हो म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण अंजली बारावीला असतानाच त्यांच्या कंपनीच्या गेटला कुलूप लागलं ते कायमचंच. एकोणिसाव्या वर्षी तिचं बुद्धरत्नशी लग्न झालं. माणूस चांगला निघाला. शाळेच्या बसवर ड्रायव्हर, सुपारीचंही व्यसन नाही, मुलगी झाली तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे वाटणारा. ती मुलगी, मैत्री, पाचवीत गेल्यावर अंजली कामाला लागली. चाकणला, मोटारींच्या वायरींचे जुडगे बांधतात त्या कारखान्यात, ठेकेदाराकडून.

मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असायचे. त्या खिळ्यांमधून लाल, पिवळ्या, हिरव्या वायरी नकाशाप्रमाणे ओढायच्या आणि त्यांच्यावर काळी टेप गुंडाळत जायचं. आठ तास, उभ्यानं. टेप ओढून ओढून बोटांच्या पेरांना चिरा पडत, म्हणून बायका आधी आपल्या बोटांनाच टेप गुंडाळून घेत आणि मग वायरींना.

अंजलीच्या फळीवर आणखी दोघी होत्या. शालनबाई पन्नाशीच्या. नवरा लवकर गेला, ज्योतीराम नावाच्या एकुलत्या मुलाला त्यांनी याच कामावर वाढवलं. सुपरवायझरला त्या "अरे बाळा" म्हणायच्या. तो एकदा चिडला, तर म्हणाल्या, "बरं. अहो बाळा." सगळी लाइन खदखदून हसली होती. दुसरी भाग्यश्री, मोशीची, बावीस वर्षांची, लग्न ठरलेली. लहानपणी गोठ्याच्या दारावर आपटून तिच्या डाव्या भुवईत खाच पडली होती. लग्नात ती खाच पेन्सिलीनं भरायची की नाही, यावर तिघींची महिनाभर चर्चा चालली होती. शालनबाईंचं मत पडलं, भरू नको, नवऱ्याला खरा माल दिसू दे.

मार्चमधली गोष्ट. पहिली शिफ्ट सुटली आणि साडेतीनला गाडी चाकणहून निघाली. गाडी ठेकेदाराची, बारा जणांची, आणि आत अठरा बायका. शालनबाई आणि भाग्यश्री नेहमीप्रमाणे सगळ्यांत पुढे डाव्या बाजूला. अंजली त्यांच्यामागे, मधे एक रांग सोडून. त्या मधल्या सीटवर एक नवीन पोरगी बसली होती, कामावरचा तिचा तिसरा दिवस. चिंबळी फाट्याच्या अलीकडे रोजच्यासारखी रांग लागली होती आणि गाडी उभी होती. त्या उभ्या गाडीवर डावीकडच्या रस्त्यानं आलेला ट्रेलर चढला. कुणी म्हणालं ब्रेक लागला नाही, कुणी म्हणालं ड्रायव्हरला डुलकी लागली. पुढच्या दोघी जागीच गेल्या. नवीन पोरगी दवाखान्याच्या वाटेवर गेली. तिची सीट मागे दुमडून अंजलीच्या मांडीवर आली आणि हाडाचे दोन तुकडे झाले.

पेपरात चार ओळी आल्या. 'चाकणजवळ अपघात, तीन महिला कामगार ठार.' नावं नव्हती.

मांडीत रॉड घातला. अंजली घरी आली ती दारालगतच्या खाटेवर पडून राहिली. पहिल्या महिन्यात शेजारीपाजारी येऊन गेले, ठेकेदाराचा माणूसही कुठल्याशा कागदावर सही घेऊन गेला. मग कुणी येईना. ती बोलेना. बुद्धरत्न सकाळी तिचं सगळं आवरून द्यायचा, मैत्री शाळेतून आल्यावर भात लावायची, आणि ती भिंतीकडे तोंड करून असायची. गल्लीत एखादी मोठी गाडी मागे घ्यायला लागली की तिच्या हातापायांना घाम सुटायचा. एप्रिल आला. विहारातली पोरं विचारायला आली, "ताई, नुसतं बसून सांगा, आम्ही रंग भरतो." तिनं मान हलवली. त्या वर्षी विहारासमोर फ्लेक्स लागला. तो बघायलाही ती उठली नाही. मैत्रीनं तिच्या पेन्सिलींचा डबा उशाशी आणून ठेवला, तर म्हणाली, "वर टाक तो. दिसू देऊ नको मला." का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती काही काढायला बसली असती, तर काय उमटलं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. डोळे मिटले तरी तेच एक दिसत होतं.

सहाव्या आठवड्यात भाग्यश्रीची आई आली. अंबुबाई. मोशीहून दोन बस बदलून, काखेत कापडात गुंडाळलेली चौकट घेऊन. आल्या तशा जमिनीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि कापड सोडलं.

"ह्यो फोटो बघ बाय."

आधार कार्डावरचा चेहरा मोठा करून स्टुडिओवाल्यानं तो दुसऱ्याच कुणाच्या धडावर बसवला होता. जरीची निळी साडी, गळ्यात तीन पदरी हार, मागे डोंगर आणि धबधबा. रंग चार छटांनी उजळलेला. भुवया दोन्ही सारख्या, कोरलेल्या.

"तेराव्याला घाईघाईत करून आणला पोरांनी," अंबुबाई म्हणाल्या. "रोज हार घालतीया मी. रोज वाटतंय, ही कोण? ही माझी भाग्या न्हाई. फोटोवाल्याची पोरगी हाय ही." मग त्यांनी अंजलीच्या पायाला हात लावला, रॉड नव्हता त्या पायाला. "तुला चित्रं येत्यात, भाग्या सांगायची. तू काढ."

"मावशी, माझ्यानं नाही होणार."

"का न्हाई व्हणार?"

अंजली रडायला लागली. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. "मला तिचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "मला नुसतं शेवटचं आठवतं."

अंबुबाई फोटो परत कापडात बांधत म्हणाल्या, "मला त्ये बघू दिलं न्हाई कुणी. बांधूनच आणलं." आणि उठून गेल्या.

पुढच्या बुधवारी त्या पुन्हा आल्या. चित्राचं नाव काढलं नाही. नुसत्या बसल्या, मैत्रीला भाजी निवडून दिली, गेल्या. त्याच्या पुढच्या बुधवारी पुन्हा. तिसऱ्या बुधवारी अंजलीनं मैत्रीला सांगून माळ्यावरचा डबा काढून घेतला. अंबुबाईंवर उपकार करायचे म्हणून नव्हे. ती बाई अशीच येत राहील आणि अशीच बघत राहील, हे तिला सोसवेना.

आठ दिवस नुसता कागद फाटला. डोळे काढावेत तर डोळे उघडे राहायचे, शेवटी होते तसे. ओठ काढावेत तर हात थांबायचा. एका दुपारी तिनं शरच्चंद्र सरांचा नंबर लावला. सर आता पंचाहत्तरीचे, कानाला कमी.

"सर, अंजली बोलतेय. इंटरमिजिएटची. चेहरा येत नाही."

"कुणाचा?"

तिनं सांगितलं. सरांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"मग चेहऱ्यापासून सुरुवात नको," सर म्हणाले. "तिचं दुसरं काय पक्कं आठवतं?"

"हात."

"मग हात काढ. बाकीचं आलं तर येईल. नाही आलं तर हात तरी राहतील." आणि फोन ठेवता ठेवता, "मला दुसरं काही सुचत नाही गं."

तिनं हात काढले. टेप गुंडाळलेली पेरं, अंगठ्याचं मोडकं नख, मनगटावर लग्न ठरल्याचा नवा हिरवा चुडा. तो कंपनीत चालत नव्हता, म्हणून भाग्यश्री तो बाहीखाली दडवायची. तो दडवतानाचा हात काढला. मग बाही. मग बाहीकडे बघणारी मान. सुपरवायझर कुठं आहे म्हणून तिरपे झालेले डोळे तिसऱ्या आठवड्यात आपोआप कागदावर आले, आणि त्यांच्यावर ती भुवई, खाचेसकट. अंजली कितीतरी वेळ पेन्सिल धरून बसून राहिली. बरं वाटलं असं नाही. उलट आजवर मेली होती ती एक कामगार, आणि आता भाग्यश्री मेली, असं तिला वाटलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

अंबुबाईंनी चित्र बघितलं. बोट भुवईपर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

"हीच," एवढंच म्हणाल्या.

चित्र घेऊन गेल्या. पुढं महिनाभर आल्या नाहीत. मग अंजलीनंच बुद्धरत्नला मोशीला पाठवलं. तो परत आला आणि पायातले बूट काढत बसला.

"लावलंय का भिंतीवर?"

"नाही," तो म्हणाला. "भिंतीवर तो जुनाच फोटो आहे, धबधब्याचा. तुझं चित्र पेटीत ठेवलंय, लुगड्यांच्या खाली. म्हणाल्या, त्या फोटोला रोज हार घालता येतो. ह्याच्याकडे बघवत नाही."

अंजलीला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं दुसरा कागद घेतला.

शालनबाईंचं चित्र लवकर झालं, चारच दिवसांत, कारण त्या हसताना आठवत होत्या. त्यांचा ज्योतीराम वाकडला मॉलमध्ये सिक्युरिटीला होता. अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात तोच धावपळ करत होता. कामगार कार्यालयात खेटे, ठेकेदाराकडे खेटे. सुनावणीच्या तारखेची खबर द्यायला तो आला, तेव्हा त्याला खाटेवर चित्रं दिसली.

"हे काय, काकी?"

"काढतेय."

"काढून काय होणार?" त्याचा आवाज चढला. "परवा त्याच फाट्यावर तसलीच गाडी बघितली मी. तशाच बायका कोंबलेल्या. ट्रेलर तसेच चाललेत. तुमच्या चित्रानं एक तरी थांबणार आहे का? त्यापेक्षा साक्षीला या तुम्ही."

"येणार आहे मी साक्षीला."

"मग हे कशाला?"

ज्योतीरामनं आईचं चित्र उचललं, नीट बघितलं आणि खाली ठेवलं. "ही आई नाही. आई अशी हसायची नाही."

"कंपनीत हसायच्या रे. रोज."

"घरी नाही हसली कधी." तो उभाच होता. "काय म्हणून हसायची?"

तेव्हा तिनं त्याला 'अहो बाळा' सांगितलं. ज्योतीराम हसला नाही. कमरेवर हात ठेवून दाराबाहेर बघत राहिला. "एवढ्या वर्षांत," तो म्हणाला, "मला कधी कळलंच नाही." जाताना त्यानं ते चित्र चार घड्या करून सिक्युरिटीच्या शर्टाच्या खिशात घातलं. घड्या घालू नको म्हणावं असं अंजलीच्या ओठांवर आलं होतं.

राहिली तिसरी, ती नवीन पोरगी. पंचशीला तिचं नाव, हेही अंजलीला दवाखान्यात कळलं. पोरगी गंगाखेडची, थेरगावला मामेबहिणीकडे राहायला आलेली. तीन दिवस एकाच गाडीतून जाऊन-येऊन अंजलीनं तिला नाव विचारलं नव्हतं. विचारू, आहेच की, असं म्हणून राहिलं. आता ठेकेदार म्हणत होता, या नावाची मुलगी आमच्याकडे कामाला नव्हतीच. हजेरीत तिचं नाव चढलं नव्हतं, गेटपास निघाला नव्हता. ती गाडीत कशी आली, आम्हाला माहीत नाही.

जुलैत कामगार कार्यालयात सुनावणी झाली. बुद्धरत्ननं अंजलीला कुबड्यांवर नेलं. साहेबांनी विचारलं, "ही मुलगी तुमच्यासोबत काम करत होती का?"

"होती. तीन दिवस."

"कुठल्या फळीवर?"

"शेवटच्या. माझ्यापासून लांब."

"तुम्ही तिच्याशी कधी बोललात?"

"नाही."

"चेहरा ओळखाल?"

अंजली खोटं बोलू शकली असती. "नाही सांगता येणार साहेब," ती म्हणाली. "पण ती होती." साहेबांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. पुढची तारीख पडली, आणि ज्योतीराम कागद काखेत मारून एकटाच पुढं निघून गेला.

बाहेर व्हरांड्यात पंचशीलाची आई बसली होती. केसरबाई. रात्रभराचा प्रवास करून आलेली सुकलेली बाई. तिनं जय भीम केला आणि अंजलीला एवढंच विचारलं, "माय, ती काय बोलायली व्हती का वो? तिथं करमायलं का न्हाई, असं कायी?"

"मी बोललेच नाही तिच्याशी, बाई," अंजली म्हणाली. कुबड्या धरलेल्या हातांनी तिला तोंडही झाकता येत नव्हतं.

घरी येऊन तिनं कागद पुढ्यात घेतला. पंचशीलाचा आधार कार्डाचा फोटो ज्योतीरामच्या मोबाइलवर होता, त्यावरून काढणं सोपं होतं. ते तिनं केलं नाही. फोटोवरून काढायला स्टुडिओवाला होताच. तिनं स्वतः काय पाहिलं होतं? पुढच्या सीटची फाटकी कड. तिच्यावरून आलेली एक लांब वेणी, अर्ध्यावर सैल झालेली. पिवळं रबर. मानेवर कॉलरपाशी तीट लावल्यासारखा तीळ. खिडकीकडे वळलेला एक गाल, तोही अर्धाच. तिनं तेवढंच काढलं. चेहरा नसलेलं चित्र. सबंध कागदात एका पाठमोऱ्या पोरीची वेणी.

पुढच्या तारखेला ते केसरबाईला देताना अंजलीला लाज वाटत होती. "मला एवढंच दिसलं होतं," ती म्हणाली.

केसरबाईनं कागद मांडीवर घेतला. वेणीवरून हात फिरवला, वरून खाली, आपल्या पोरीच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "सैल घातली," ती म्हणाली. "मी घालायची तवा घट राहायची. तिथं कोन घालनार." मग पदर तोंडाला लावून ती व्हरांड्यात जी रडली, ती सगळ्या कचेरीनं ऐकली. शिपाई येऊन म्हणाला, बाई, बाहेर जाऊन रडा. अंजलीला वाटलं, आपण हे का केलं? या बाईला काय दिलं आपण?

याला आता वर्ष होऊन गेलं. प्रकरण चालू आहे. पंचशीला कामाला होती की नव्हती, हे अजून ठरायचं आहे. अंजलीचा उजवा पाय बोटभर आखूड झाला. आठ तास उभं राहता येत नाही, म्हणून कंपनीचं काम सुटलं ते सुटलंच. त्या रस्त्यानं ती गेलेली नाही. घरात ती अजूनही कमीच बोलते, आणि काही दिवस असे येतात की खाटेवरून उठतच नाही. त्या दिवसांत मैत्री तिला काही विचारत नाही. पण बाकीच्या दुपारी ती दारात पाट टाकून बसते आणि काढते. त्याच तिघी. फळीपाशी, डबा खाताना, गाडीची वाट बघताना. पंचशीला प्रत्येक वेळी पाठमोरी.

एकदा बुद्धरत्न न राहवून म्हणाला, "तुला त्रास होतो ना हे काढताना? मग का काढतेस?"

"त्रास तर काढलं नाही तरी होतो," ती म्हणाली. आणि पेन्सिलीला टोक काढत म्हणाली, "नाही काढलं तर 'तीन महिला कामगार' एवढंच राहतं बघ."

अलीकडे गल्लीतल्या दुसऱ्या शिफ्टच्या बायका गाडी येईपर्यंत तिच्या दाराशी टेकतात. परवा त्यातली एक, नंदा नावाची, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन समोरच बसली. "माझं काढ की गं," म्हणाली. "आत्ताच काढून ठेव. मागनं फोटोवाला कुणाच्याही धडावर बसवतो." बाकीच्या हसल्या. अंजली हसली नाही. तिनं कोरा कागद घेतला आणि नंदाला मान जरा डावीकडं कर म्हणाली. कपाळ झालं, नाक झालं, पान खाल्ल्यानं रंगलेला खालचा ओठ झाला. तेवढ्यात कोपऱ्यावर हॉर्न वाजला. नंदा चपला सरकवत पळाली, दारात दाटीवाटीनं चढणाऱ्या बायकांत मिसळली, आणि गाडी निघून गेली.

एक कान राहिला होता. आठवणीतून तो काढता आला असता, पण अंजलीला तो नीट बघायचा होता. तिनं कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाकली, खाली नंदाचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आणि कागद पाटाखाली सरकवून ठेवला.